टॅब उघडा आहे, फॉर्म कुठं आहे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. वय २९, शिक्षण बी.कॉम. तीन वर्षांपासून घराच्या ओसरीत ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन कार्ड, जे येईल ते. कॉम्प्युटर जुना, चार जीबी रॅमचा, विंडोज १० वर चालणारा. क्रोममध्ये एका वेळी तीस-चाळीस टॅब उघडे असतात, कारण ‘बंद केला तर विसरीन’. इंजिनिअरिंग शिकणारा दीर सुटीत आला तेव्हा त्यानं कामांच्या यादीचं एक ॲप, नोंदींचं दुसरं आणि पंचवीस मिनिटांनी गजर देणारं तिसरं टाकून दिलं. महिन्याभरात तिन्ही मागं पडली. दीर म्हणतो ब्राउझर बदला, नाहीतर हप्त्यावर लॅपटॉप घ्या. सासरे म्हणतात रजिस्टर घाल. या ओढाताणीत गावातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहिला. लाईन गेली, कॉम्प्युटर बंद पडला आणि मग ते काम डोक्यातूनच गेलं. तारीख उलटल्यावर मुलीची आई दारात आली. पत्राचा शेवट असा: ‘मावशी, कोणता ब्राउझर चांगला ते सांगा. आणि खरं सांगा, मीच आळशी आहे काय?’

बाई, ब्राउझरचं मागून बोलू. आधी त्या पोरीचं.

तुझ्या पत्रात ती दोन ओळींत येऊन जाते आणि लगेच रॅमचं पुराण सुरू होतं. तिच्या घरी गेलीस का, हे तू लिहिलंच नाहीस. गेली नसशील तर आज संध्याकाळी जा. लाईन गेली होती हे सांगू नको, ते सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्याकडून राहिलं, एवढंच सांग. मग तिलाच सोबत घेऊन तिच्या लॉगिननं महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, उघड. जेवढी माहिती सेव्ह झाली असेल तेवढी तिथं दिसेल, बाकीचे कागद आजच गोळा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या बाबूंना दोघी मिळून भेटा. या अर्जांना मुदतवाढ पुष्कळदा मिळते. ‘मिळेलच’ असं मात्र तिच्या आईला सांगू नको. तुझा शब्द एकदा पडला आहे, दुसऱ्यांदा पडायला नको.

आता तुझं ते वाक्य, ‘बंद केला तर विसरीन’. मी तिथंच थांबले. तुझ्या लेखी उघडा टॅब म्हणजे आठवण, पदराला मारलेली गाठ. पण गाठ मारलेली जागेवर राहते, टॅब राहत नाही. सरकारी पोर्टल असो की बँकेचं, तू काही वेळ हात लावला नाहीस की ते आतून तुला बाहेर काढतं. चोरीमारी होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते. वर टॅबची पट्टी तशीच दिसते, नाव दिसतं, छोटं चित्रही दिसतं. तू चार वाजता परत येऊन ‘पुढे’ दाबतेस आणि ते म्हणतं, पुन्हा लॉगिन करा. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येणार तो माणूस तोवर शेतात. म्हणजे टॅब उघडा होता, फॉर्म केव्हाच गेला होता. चाळीस टॅबांपैकी खरोखर जिवंत किती असतात, ते उद्या दुपारी एकदा मोजून बघ. सात-आठ निघाले तरी पुष्कळ.

त्या पोरीच्या बाबतीत लाईनीवर ठपका ठेवणं सोपं आहे. पण लाईन गेली नसती तरी तो अर्ज तिथंच मेला असता, फक्त तुला कळलं नसतं.

ब्राउझरचं मग थोडक्यात सांगते, कारण प्रश्न जेवढा वाटतो तेवढा मोठा नाही. क्रोम २००८ साली आला. त्याच्या पोटातलं क्रोमियम नावाचं यंत्र सगळ्यांना खुलं आहे आणि तेच घेऊन ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी बनले. मायक्रोसॉफ्टनंही जानेवारी २०२० मध्ये आपला एज त्याच्यावर बसवला. कणीक एकच, पोळी भाजणारे वेगळे. तेव्हा क्रोम सोडून ब्रेव्ह घेतला म्हणून तुझा चार जीबीचा गडी एकदम धावायला लागेल, हे डोक्यातून काढ. हे ब्राउझर टॅब वेगवेगळ्या खोलीत ठेवतात. एक कोसळला तर बाकीचे वाचतात, पण दर खोलीचं भाडं रॅममधूनच जातं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात, न वापरलेले टॅब झोपवणारा ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो चालू कर. एजमध्ये अशीच टॅब झोपवायची सोय आहे. पण झोपलेला टॅब जागा करताना पान नव्यानं उघडावं लागू शकतं, म्हणून चालू फॉर्म असा झोपू देऊ नको.

फायरफॉक्स मात्र ठेव. त्याचं यंत्र निराळं, गेको नावाचं. एखादं पोर्टल क्रोममध्ये नुसतंच गरगरत बसलं की फायरफॉक्समध्ये उघडून बघायचं. तिथंही गरगरलं तर बहुधा साइटच बसली आहे, तुझा दोष नाही, समोरच्याला सरळ ‘उद्या या’ म्हणता येतं. दीर सांगतो म्हणून सात ब्राउझर ठेवायची गरज नाही, दोन पुरे. कुठल्या जुन्या साइटनं अजूनही इंटरनेट एक्सप्लोरर मागितला तर घाबरू नको. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण एजमध्ये त्याचा मोड शिल्लक आहे.

आणि सर्चमध्ये नाव टाकून सरकारी साइट शोधायची सवय सोड. वर जाहिराती येतात, त्यात सरकारी साइटीसारखी दिसणारी आणि पैसे उकळणारी पानं असतात. रोजच्या दहा-बारा साइटी एकदा पत्ता नीट बघून बुकमार्कच्या पट्टीवर लावून ठेव. तीस टॅब उघडे ठेवण्यामागं तुझं अर्धं कारण हेच असणार, की पुन्हा शोधत बसावं लागतं. चुकून एखादा टॅब बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. एवढं बोटांना शिकव.

आता ‘आळशी’. हा शब्द तुला कोणी दिला? सकाळी निंदणाला निघालेल्या बाया जाता जाता आधार टाकून जातात. बाजाराच्या दिवशी ओसरीत उभं राहायला जागा नसते. ३१ जुलै आला की पीकविम्यासाठी लोक रात्री दहाला कडी वाजवतात. हे सगळं तूच लिहिलंस. मध्येच कणकेच्या हातानं उठून कोणाचा अंगठा लावून देतेस, हेही तूच लिहिलंस. याला आळस म्हणायचं तर मग काम कशाला म्हणायचं? तुझा घोळ दुसरा आहे. दारात आलेल्याला तू ‘बरं, ठेवून जा’ म्हणतेस आणि तो होकार कुठंच लिहिला जात नाही. तो टॅबमध्ये जातो, व्हॉट्सॲपमध्ये जातो, टेबलावरच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात जातो, आणि उरलेला तुझ्या डोक्यात. रात्री झोपताना तुला आठवतं ते काम नसतं. आपण काहीतरी विसरलो आहोत, एवढंच आठवतं. तो त्रास मी ओळखते, मी सत्तावीस वर्षं हिशोब शाखेत काढली.

माझे वडील वर्धेकडच्या एका जिनिंगात मुनीम होते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागायची. गाडी आली की वडील कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, एक ओळ टाकायचे. कोण, किती, काय दिलं. बस. त्याची मागची उचल किती, खातं कुठल्या पानावर, हे त्या वेळी बघायचेच नाहीत, हात थांबायचा नाही. जेवणं झाली की मग खतावणी, म्हणजे माणसागणिक खात्यांची वही, उघडायची. कीर्दीतली एकेक ओळ ज्याच्या त्याच्या खात्यात मांडायची आणि मांडून झाली की कीर्दीत त्या ओळीपुढं खात्याचा पान क्रमांक घालायचा. ज्या ओळीपुढं क्रमांक नाही ती ओळ अजून बाकी. वडिलांना काही आठवावं लागत नसे. बोट वरून खाली फिरवलं की रिकाम्या जागा दिसत.

म्हणून सासरे रजिस्टर म्हणतात ते जुनाट वाटून झटकू नको. ते तुला कीर्द सांगताहेत. फक्त दिराचं आणि त्यांचं भांडण खोटं आहे, कारण तो खतावणीची गोष्ट करतो. तुला दोन्ही लागणार.

रजिस्टर असं आख. तारीख, नाव, मोबाइल, काम, अडलं कुठं, अर्ज क्रमांक. माणूस दारात असतानाच ओळ टाकायची, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी. सासरे दिवसभर ओसरीत बसलेलेच असतात, असं तू थोड्या वैतागानं लिहिलंस. त्यांनाच दे हे रजिस्टर. अक्षर कसंही असो, मोबाइल क्रमांक तेवढा मोठ्यानं वाचून घ्यायला सांग. अर्ज क्रमांकाची जागा रिकामी ती ओळ बाकी, मुनीमजींच्या पान क्रमांकासारखी. त्या पोरीची ओळ अशी असती तर लाईन आल्यावर रिकामी जागा दिसली असती.

‘अडलं कुठं’ या रकान्यात फक्त चार शब्द चालतील. ओटीपी, कागद, साइट, मी. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. समज, अकरा ओळी बाकी आहेत. तिघांचा ओटीपी यायचा आहे कारण आधारला जुनाच नंबर जोडलेला आहे. चौघांनी कागद आणले नाहीत. दोन ठिकाणी साइट बंद. म्हणजे ‘मी’ उरतं दोन ओळींपुरतं. आज तू अकराही ओळींचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरतेस. ज्यांचा कागद अडला आहे त्यांना संध्याकाळी एकेक मेसेज गेला की तुझ्याकडून ते काम झालं.

कॉम्प्युटरवरची खतावणी म्हणजे एकच शीट. एक्सेल नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं आणि इंटरनेट नसतानाही चालतं. रोज संध्याकाळी रजिस्टरातल्या ओळी त्यात चढवायच्या. नावं युनिकोड मराठीतच टाइप कर, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात. विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आता अंगचाच येतो. आमच्या कार्यालयात एकदा लाभार्थ्यांची यादी जुन्या फॉन्टमध्ये केली होती. नव्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. दोन बाबूंनी आठ दिवस बसून पुन्हा टंकली. आणि शोधताना नाव शोधूच नको. सुनिता आणि सुनीता कॉम्प्युटरला दोन बाया वाटतात, मोबाइल क्रमांक एकच असतो.

मग त्या ॲपांचं काय? काढून टाक, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नको. पंचवीस मिनिटांच्या गजराचीच गोष्ट घे. ती युक्ती फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना काढली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावायचं आणि तेवढा वेळ दुसरं काही करायचं नाही. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून नाव पोमोडोरो. एकट्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेल्या पोरासाठी ती झकास आहे. तुझ्या दिरासाठीही असेल. पण तुझ्यासमोर अंगठा पुढं करून म्हातारा उभा आहे, ओटीपीची मुदत चालली आहे, आणि गजर वाजला म्हणून तू उठून आराम करणार? कामं दारातून येणाऱ्याचं आणि कामं स्वतः ठरवणाऱ्याचं शास्त्र एक असूच शकत नाही. अशा युक्त्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांच्या दारात कोणी कडी वाजवत नाही, एवढं लक्षात ठेवून ते बघ. गजर वापरायचाच तर संध्याकाळी खतावणी चढवताना लाव, तेव्हा दार बंद असतं.

दार बंद असतं ना? पत्रावरून तसं वाटलं नाही. पाटी लाव. सकाळी इतके ते इतके, दुपारी बंद, संध्याकाळी इतके ते इतके. बाजाराच्या दिवशी लांबचे अर्ज घेणार नाही, फक्त प्रिंट आणि दाखले, हेही लिही. पहिले पंधरा दिवस लोक नाराज होतील. ‘काहून ओ, इतली मोठी झाली का तू?’ असंही कोणी म्हणेल. म्हणू दे. पटवारी कार्यालयाची वेळ त्यांना पाठ आहे, तुझीही होईल. फक्त ३१ जुलैच्या आधीचा आठवडा सोड, त्या आठवड्यात पाटीचा मान कोणीच राखणार नाही आणि तूही राखू नको.

एक गोष्ट तू अगदी सहज लिहून गेलीस आणि मला तिनं घाम फुटला. दिरानं क्रोमला स्वतःचं गूगल खातं जोडून दिलं, आणि ‘पासवर्ड सेव्ह करू का’ विचारलं की तू ‘हो’ म्हणतेस, वेळ वाचतो म्हणून. अगं, सिंक, म्हणजे खात्यातली माहिती त्याच्या सगळ्या यंत्रांवर नेणारी सोय, चालू असेल तर अर्ध्या गावाचे पासवर्ड तुझ्या दिराच्या मोबाइलवर जाऊन बसले असतील. तो पोरगा सज्जनच असेल, मी शंका घेत नाही. पण त्याचा मोबाइल हरवला तर? आजच त्याला फोन करून त्याचं खातं काढायला लाव, जतन झालेले पासवर्ड दोन्हीकडून पुसायला सांग आणि ती विचारणाच बंद कर. गिऱ्हाइकाचं काम ‘गेस्ट’ खिडकीत करायचं. खिडकी मिटली की लॉगिन आणि इतिहास पुसला जातो. डाउनलोड झालेली फाइल मात्र पुसली जात नाही, ती ‘डाउनलोड्स’ मध्ये तशीच पडून राहते. तिथं आज किती आधार पडले आहेत ते बघच एकदा. रात्री कॉम्प्युटर बंद करण्याआधी ते रिकामं करायचं, झाडून काढल्यासारखं. रिसायकल बिनसुद्धा.

तसंच पीडीएफ लहान करायला कुठल्याही फुकट साइटवर लोकांचे आधार आणि पासबुकं चढवू नको. स्कॅन करतानाच बारकाई १५० किंवा २०० डीपीआयवर, रंगीत नको तिथं ग्रेस्केल ठेवलं तर फाइल मुळातच लहान येते. फोटो पेंटमध्ये लहान होतो. पानं जोडायला पीडीएफसॅम बेसिक आहे, ते मशीनवरच चालतं आणि फुकट आहे.

उरला लॅपटॉप. दिराचं इथं थोडं खरं आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. वेगळी नोंदणी केली तर घरगुती मशीनला सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. म्हणजे हे मशीन कायमचं नाही, विचार करावाच लागेल. पण हप्ता सोयाबीनच्या भावावर बांधायचा की केंद्राच्या कमाईवर, हे आधी ठरव. रजिस्टर तीन महिने चाललं की महिन्याला किती कामं आणि किती पैसे, हे तुला पहिल्यांदा नीट दिसेल. तोवर जुन्या मशीनला हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, आणि चाराची आठ जीबी रॅम, एवढ्यानं ते बरंच सुधारतं. कोणी विंडोजऐवजी लिनक्स टाक म्हणालं तर आधी विचार, अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सही त्यावर चालते का. चालत नसेल तर मशीन कितीही वेगात धावलं तरी तुझ्या कामाचं नाही. आणि यूपीएस नाही असं दिसतं. लॅपटॉपच्या आधी तो घे. लाईन गेल्यावर दहा मिनिटं मिळाली तरी चालू अर्ज सेव्ह करून क्रमांक रजिस्टरात उतरवता येतो.

एसएसडी दिराकडूनच बसवून घे, दिवाळीत येईलच. त्यालाही घरात आपलं काही ऐकलं जातं असं वाटू दे. मात्र त्यानं स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी खतावणीच्या शीटची एक प्रत पेनड्राइव्हवर काढ आणि तो पेनड्राइव्ह सासऱ्यांच्या कपाटात, रजिस्टराशेजारी ठेव. किल्ली त्यांच्याकडेच असते, नाही का?